रीफ टँकमधले रॉक आणि कोरल हलवायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, दोनेक वर्षं चालला की बहुतेकांना एकदा तरी वाटतंच, हे रॉक आता वेगळे लावूया. कुणाची रॉकची भिंत मागच्या काचेला टेकलेली असते आणि तिच्यामागे काय साठलंय ते दिसतही नाही, कुणाची मॉन्टिपोरा इतकी पसरते की खालच्या कोरलना लाइटच पोचत नाही, कुणाला एखादा भांडखोर डॅमसेल बाहेर काढायचा असतो आणि तो काही केल्या जाळ्यात येत नाही. प्रश्न तेच तेच येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

माझं मत सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाचता येईल. रॉक हलवायचे तर एकदाच, पूर्ण ठरवून, एका दिवसात. कोरल हलवायचे तर एकेक, आठवडे घेऊन. बऱ्याच घरी नेमकं उलटं होतं, रॉक रोज थोडे थोडे सरकवले जातात आणि कोरल मात्र एका दुपारीच सगळे खालचे वर नि वरचे खाली, आणि नुकसान बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

मुळात हलवायची गरज आहे का, हे कसं ठरवायचं?

आधी आठवडाभर हात न लावता नुसतं बघा. खायला घातल्यावर तुकडे कुठे जाऊन बसतात ते बघा, तिथे फ्लो म्हणजे पाण्याचा प्रवाह पोचत नाहीये. पण तेवढ्यासाठी लगेच रॉक उचलू नका, आधी वेव्हमेकरची (पाणी ढवळणाऱ्या पंपाची) जागा आणि दिशा बदलून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मग रात्री बघा. लाइट बंद झाल्यावर तास-दीड तासाने लाल टॉर्च घेऊन टँकसमोर बसा, लाल उजेडाने कोरल आणि मासे फारसे बिचकत नाहीत. दिवसा गॅलेक्सिया हे कोरल म्हणजे हिरव्या फुलांचा छोटासा गुच्छ दिसतो, रात्री त्याच्यातून पारदर्शक दोरे निघतात, टोकाला बारीक पांढरा ठिपका, आणि ते फ्लोबरोबर वीतभर लांब जाऊन शेजाऱ्याला लागतात. सकाळी शेजारच्या कोरलवर पांढरा पट्टा दिसतो आणि दिवसा बघणाऱ्याला कळतच नाही की कशाने झालं. फाविया, चॅलिस यांचंही असंच. ही रात्रीची माहिती नसेल तर तुम्ही नवीन रचना कितीही सुंदर करा, भांडणं तीच राहतील फक्त जागा बदलेल.

रॉक डुगडुगतोय, मागे मैला साठतोय, कोरल एकमेकांना चावतायत, वाढायला जागाच उरली नाही, ही ठोस कारणं झाली. आणि नुसतं दिसायला छान पाहिजे हेही कारण आहे बरं का, त्यात काही गैर नाही, रोज आपणच बघतो तो टँक. फक्त टँक अगदी नवा असेल, अजून डायटम आणि सायनोचे (तपकिरी नि लालसर शेवाळी थरांचे) फेरे चालू असतील, तर तो स्थिर होईपर्यंत थांबा.

नवीन रचना आधी कशी ठरवायची? टँकमध्ये हात घातल्यावर सुचत नाही.

टँकमध्ये सुचणारही नाही, कारण पाणी गढूळ होतं, हात भरून येतात आणि शेवटी जे बसेल ते बसवून आपण मोकळे होतो. टँकच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापा, चारही बाजूंनी ८ ते १० सेंमी सोडून आत रेघ मारा. रेघेच्या बाहेर रॉक नाही म्हणजे नाही, कारण तिथून तुमचा काच पुसायचा मॅग्नेट फिरणार आहे आणि कोरल उद्या पुढे वाढणार आहेत. या पुठ्ठ्यावर सुके रॉक असतील तर ते, नाहीतर थर्माकोलचे तुकडे रचून बघा. उंचीही बघा, सगळ्यात वरच्या रॉकच्या वर निदान १५ सेंमी पाणी राहू द्या, कारण ॲक्रोपोरासारखं फांद्यांचं कोरल वरच्या दिशेनेच वाढणार.

पूर्वी एक हिशोब चालायचा, गॅलनला एक ते दोन पाउंड रॉक, म्हणजे आपल्या मापात १०० लिटरला साधारण १२ ते २४ किलो. आता बहुतेक जण त्याच्या खालच्या टोकाला किंवा त्याहूनही कमी ठेवतात आणि मलाही तेच पटतं. चांगला स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) असेल, सम्पमध्ये म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत थोडा रॉक किंवा सिरॅमिक मीडिया असेल तर डिस्प्लेमध्ये म्हणजे मुख्य टँकमध्ये डोंगर लागत नाही. दोन वेगवेगळी बेटं, मधे मोकळी वाळू, एखादी कमान, आणि दोन्ही बेटांची उंची सारखी नको. मोकळ्या जागेतून फ्लो सगळीकडे फिरतो, मासे आरपार पोहतात आणि जिवाला कंटाळा न येता साफसफाई होते.

एक बेट मात्र मुद्दाम वेगळं ठेवा, कशालाही न टेकलेलं. ग्रीन स्टार पॉलिप, झीनिया, केनिया ट्री अशी पसरणारी मंडळी तिथेच राहतील. मुख्य रॉकवर एकदा ग्रीन स्टार चढला की तो पूर्ण काढणं जवळपास अशक्य.

रॉक वाळूवर ठेवायचे की काचेवर?

काचेवर, मग वाळू त्याच्या भोवती. पिस्टल श्रिंप, गोबी, काही रास मासे हे सगळे खणणारे, वाळूवर ठेवलेल्या रॉकखालून त्यांनी वाळू उपसली की रॉक एक दिवस कलंडतोच, आणि तो काचेवर आला तर काय होईल ते सांगायला नको. काचेवर टोकदार भार येऊ नये म्हणून खाली लाइटच्या पॅनलमध्ये येते तशी प्लास्टिकची चौकोनी जाळी टाकतात, तेही चांगलं. तळाचा प्रत्येक रॉक तीन दगडांच्या चुलीसारखा तीन ठिकाणी टेकला पाहिजे, वरून हाताने दाबून बघा, जरा जरी हलला तर फिरवून परत बसवा.

चिकटवायचं कशाने?

फ्रॅगसाठी म्हणजे कोरलच्या छोट्या तुकड्यासाठी सुपरग्लू जेल. पातळ ग्लू पाण्यात पसरतो आणि पकडत नाही, जेलच हवा. मोठ्या तुकड्याला नुसता जेल पुरत नाही, मग दोन रंगांचं मळून घ्यायचं ते एपॉक्सी लागतं, पण एपॉक्सी ओल्या रॉकला स्वतःहून नीट धरत नाही म्हणून जेल, मधे एपॉक्सीचा गोळा, परत जेल असा थर करतात आणि रॉकवर दाबून थोडंसं पिळतात म्हणजे ते छिद्रांत बसतं. आधी ती जागा जुन्या टूथब्रशने घासून शेवाळ काढा. एपॉक्सी ॲक्वेरियमसाठीचंच घ्या, हार्डवेअरच्या दुकानातल्या पुट्टीत बुरशीनाशक किंवा आणखी काय काय असतं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं आणि एवढ्या महागाच्या जिवांवर तो प्रयोग कशाला.

कमान करायची असेल तर रॉकला ड्रिलने भोक पाडून ॲक्रेलिक किंवा फायबरग्लासची दांडी घाला. लोखंड, पितळ, तांबं अजिबात नाही. तांबं तर कोरल, श्रिंप, गोगलगाई सगळ्यांना विष.

एपॉक्सी वापरल्यावर स्किमर एक-दोन दिवस वेड्यासारखा फेस काढतो किंवा एकदम फेस काढायचंच बंद करतो. घाबरू नका, कप काढून नुसता हवेसाठी चालू ठेवा, आपोआप ताळ्यावर येतो.

आदल्या दिवशी काय तयारी लागते?

मीठ-पाणी. टँकच्या निदान २० ते ३० टक्के, आदल्या दिवशीच आरओ-डीआयच्या (फिल्टर करून अगदी शुद्ध केलेल्या) पाण्यात मिसळून, पंप लावून, टँकच्याच तापमानाला आणि क्षारतेला आणून ठेवलेलं. क्षारतेचं माप म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ ते १.०२६, तापमान २५-२६ अंश. मीठ घातल्या घातल्या ते पाणी वापरू नका, पूर्ण विरघळायला वेळ लागतो.

शिवाय दोन-तीन मोठे टब, खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिक, ज्यात कधी साबण-फिनेल गेलेलं नाही असे. एक टब कोरलना, एक रॉकला, एक माशांना लागलाच तर. प्रत्येकात छोटा पंप, कोरल आणि माशांच्या टबात हीटर. नवा फिल्टर फ्लॉस म्हणजे गाळ अडवणारा कापूस, ताजा कार्बन, अमोनियाची टेस्ट किट, जुने टॉवेल, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. टँकचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, कुठलं कोरल किती उंचीवर आणि कुठल्या दिशेला तोंड करून होतं हे नंतर हमखास विसरायला होतं.

बदलाच्या दिवशी क्रम काय ठेवायचा?

सगळ्यात आधी वीज. हीटर पाणी काढायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद करा, गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते. आणि दुसरी गोष्ट जी खूप जण विसरतात, ऑटो टॉप-ऑफ बंद करा. पाणी काढल्यावर सेन्सरला वाटतं बाष्पीभवन झालंय आणि तो बिनामिठाचं पाणी ओतत राहतो, काम संपेपर्यंत क्षारता कुठल्या कुठे खाली. कोरलना लागणारी द्रव्यं रोज घालणारा डोसिंग पंपही बंद. टँकच्या लाइनवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर पाण्यात हात घालण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवून तो बसवून घ्या, हे काम टँकपेक्षा तुमच्या जिवाचं आहे.

मग टँकचं स्वच्छ पाणी टबांमध्ये काढा, गढूळ व्हायच्या आधी. सुटे कोरल उचला. मग वरचे रॉक, मग खालचे. रॉक पाण्याबाहेर काढताना लगेच टबात टाकू नका, टँकवरच अर्धा मिनिट तिरपा धरा. भोकांतून पाणी गळतं आणि त्याबरोबर एकेक जण बाहेर पडतो, ब्रिटल स्टारचे वळवळणारे पाय, छोटे खेकडे, एखादी ब्लेनी जी घाबरून आत शिरलेली असते. फायरफिश, गोबी रॉकमध्येच राहून टबात जातात आणि मग टँकमध्ये मासा नाही म्हणून शोधाशोध होते, त्यामुळे टबाचा तळही परत टाकताना बघायचा.

काढलेला रॉक तिथेच टबातल्या पाण्यात खळखळून धुवा. निघालेला मैला बघून वाटेल की हे सगळं आत होतं का. साध्या नळाच्या पाण्याने धुवू नका, घासून पांढराशुभ्र करू नका, अमोनिया खाणारे बॅक्टेरिया याच रॉकवर राहतात आणि रॉक सुकला की त्यावरचे सगळे जीव मरून टँकमध्ये उलट अमोनिया वाढवतात. एखादा रॉक बाहेर ठेवावाच लागला तर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदात गुंडाळा. स्पंज लागलेला रॉक मात्र बाहेर काढूच नका, स्पंजच्या छिद्रांत हवा अडकली की तो आतून कुजतो, त्याला पाण्याखालीच बादलीत घेऊन हलवायचं.

मग रचना बसवा, दाबून बघा, आणि टबात वर राहिलेलं स्वच्छ पाणी परत भरा. तळाशी बसलेला गाळ परत टँकमध्ये नको, तिथे आदल्या दिवशीचं नवं पाणी वापरा. रॉक कमी केले असतील तर टँकमध्ये पाणी जास्त मावणार, पुढे डोसिंगचा हिशोबही त्याप्रमाणे बदला. कार्बन आणि फ्लॉस लावा, हीटर पाण्याखाली गेल्याची खात्री करून चालू करा. आणि मग ऑटो टॉप-ऑफ, पण क्षारता मोजूनच.

वाळूचं काय करायचं? सगळी धुऊन टाकू का?

वाळू दोन-तीन सेंमीची पातळ असेल तर सायफनने भाग भाग करून साफ करा, त्या दिवशी एक तृतीयांश पुरे. दहा सेंमीच्या वरची जुनी खोल वाळू असेल तर तिला ढवळू नका, खालच्या थरात ऑक्सिजन नसतो आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. काळा थर आणि सडक्या अंड्याचा वास आला की तिथेच थांबा. खोल वाळूचा टँक खरंच मोडायचा असेल तर ती वाळू परत वापरू नका, नवी घ्या. वाळूत झोपणारे रास असतील तर रॉक खाली ठेवताना जपून, हॅलिकोएरिस तर घाबरला की सरळ वाळूत घुसतो आणि नेमका तुमच्या रॉकच्या खाली.

कोरल किती वेळ पाण्याबाहेर चालतं?

ओलं असेल आणि उन्हात-पंख्याखाली नसेल तर बहुतेक कोरल दहा-पंधरा मिनिटं सहज काढतात, निसर्गात ओहोटीला कितीतरी कोरल उघडे पडतातच. प्रश्न वेळेपेक्षा उचलण्याचा आहे. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, बबल, गोनिओपोरा हे मांसल कोरल फुगलेले असताना थेट पाण्याबाहेर काढले तर पाण्याने भरलेलं मांस स्वतःच्याच वजनाने खाली लोंबतं आणि सांगाड्याच्या धारदार कडेवर फाटतं. आधी पाण्यातच हलकेच बोट लावा, हाताने थोडा फ्लो मारा, तो आत जाईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग सांगाड्याला धरून उचला, मांसाला हात नाही. शक्य असेल तर पाण्याखालीच डब्यात घ्या म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

झोआ आणि पॅलीच्या रॉकबद्दल लोक इतकं का घाबरवतात?

कारण घाबरण्यासारखंच आहे, हा भाग नीट वाचा. झोआ आणि पॅली म्हणजे झोॲन्थिड्स, रॉकवर पसरणारे बटणांसारखे छोटे जीव. त्यांतल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये म्हणजे पॅलीमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात जहाल नैसर्गिक विषांपैकी एक. १९७१ मध्ये हवाईच्या माउई बेटावरच्या पॅलिथोआतून शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं. ते कातडीवरच्या जखमेतून, डोळ्यांतून, आणि वाफेवाटे श्वासातून शरीरात जातं. रॉकवरचे पॅली जावेत म्हणून रॉक उकळले, किंवा गरम पाणी ओतून घासले, आणि घरातली सगळी माणसं आणि कुत्रं-मांजरसुद्धा दवाखान्यात, असे प्रकार वेगवेगळ्या देशांत झालेले आहेत. उकळल्याने हे विष जात नाही, उलट वाफेबरोबर खोलीभर पसरतं.

म्हणून रॉक कधीही उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, प्रेशरच्या पाण्याने मारू नका. झोआ-पॅली कापताना, खरवडताना जाड नायट्राइल हातमोजे आणि पूर्ण बंद चष्मा, कारण दाबल्यावर त्यातून पाण्याची पिचकारी उडते आणि ती बरोब्बर डोळ्याकडे येते. हत्यारं आणि सांडलेलं पाणी ब्लीचने पुसा आणि मग हात साबणाने धुवा. तोंडात धातूसारखी चव, ताप, खोकला, धाप, अंग दुखणं, डोळे लाल होऊन दुखणं असं काहीही जाणवलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा, तो ऐकलेला नसण्याची शक्यता आहे म्हणून कागदावर लिहून न्या.

हातमोजे तसेही हवेतच. फायरवर्मची बारीक कुसं, रॅबिटफिशचे विषारी काटे, आणि हाताला जखम असेल तर मायकोबॅक्टेरियम मरिनमचा संसर्ग, जो महिनोन्महिने बरा होत नाही.

नवीन रचनेत कुठलं कोरल कुठे लावायचं?

तीनच गोष्टी बघा, लाइट, फ्लो आणि शेजारी. लाइट पारमध्ये (कोरलच्या उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) मोजला तर ॲक्रोपोरासारख्या एसपीएसना म्हणजे छोट्या पॉलिपच्या दगडी कोरलना साधारण २५० ते ३५०, हॅमरसारख्या एलपीएसना म्हणजे मोठ्या पॉलिपच्या दगडी कोरलना ८० ते १५०, मशरूमना ५० ते १०० पुरतात. पार मीटर महाग असतो, विकत घेऊ नका, एखाद्या मित्राकडून दोन दिवस मागून आणा, रॉक बसल्यावर एकदा मोजून कागदावर नकाशा काढा आणि त्यानेच पुढचं सगळं ठरवा. अंदाजाने लावलेल्या जागा बऱ्याचदा चुकतात, लाइटच्या बरोब्बर खाली आणि हातभर बाजूला यात फार फरक असतो.

फ्लो डोळ्यांनी दिसतो. हॅमरचे बोंड आळसावल्यासारखे डुलले पाहिजेत, एका बाजूला आडवे पडून राहिले तर फ्लो जास्त आहे. ॲक्रोपोराच्या फांद्यांमध्ये मात्र मैला अडकता कामा नये.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांना टेकले तरी बहुतेक चालतं, टॉर्चला त्यांच्यात ठेवू नका, तो दोघांना भाजतो. गॅलेक्सियाच्या भोवती वीतभर तरी मोकळं. लेदर कोरल न चावतासुद्धा पाण्यात रसायनं सोडून एसपीएसना त्रास देतात, त्यामुळे मिश्र टँकमध्ये कार्बन कायम चालू. मशरूम सैल असतील तर त्यांना चिकटवायला जाऊ नका, ग्लू धरतच नाही, खड्यांच्या वाटीत ठेवा, दोन आठवड्यांत स्वतः एखादा खडा पकडतात आणि मग तो खडा चिकटवा.

आणि आता मुख्य मुद्दा. खालचं कोरल एकदम वर नेऊ नका. कोरलच्या मांसात राहणारं शैवाल कमी लाइटला सरावलेलं असतं, एकदम जास्त लाइट मिळाला की ते बाहेर टाकलं जातं आणि कोरल पांढरं पडतं. रॉक हलवल्याच्या दिवशी सगळे कोरल शक्य तेवढे आधीच्याच उंचीवर किंवा त्याखाली ठेवा, लाइट साधारण ३० टक्क्यांनी कमी करा आणि तीन-चार आठवड्यांत परत चढवा. त्यानंतरच एकेक कोरल कायमच्या जागेकडे, दर आठवड्याला थोडं थोडं वर. तोवर ग्लू लावू नका. वरचं खाली नेलं तर धोका कमी, ते फक्त तपकिरी पडतं.

रॉकवर पसरलेलं कोरल सुटं कसं करायचं?

मॉन्टिपोरा किंवा झोआ रॉकला एकजीव झालेले असतात, त्यांना ओरबाडू नका, छिन्नीने खालच्या रॉकच्या पातळ कपच्यासकट काढा. फांद्यांच्या हॅमरची फांदी मांस संपतं त्याच्या बरंच खाली बोन कटरने कापा, त्याला कळतही नाही. भिंतीसारखा सलग वाढणारा हॅमर मात्र कापू नका, ते मांसातूनच कापावं लागतं आणि बऱ्याचदा ते सडत जातं, तो अख्खा रॉकसकट हलवा. कापल्यावर आयोडीनच्या डिपमध्ये बुडवून मगच टँकमध्ये.

ॲनिमोन कसा हलवायचा?

हलवायचाच नाही, त्याचा रॉक हलवायचा. बबल टिप ॲनिमोनचा पाय खडकाच्या भेगेत घट्ट असतो, ओढून काढला तर पाय फाटतो आणि फाटलेला ॲनिमोन बहुतेक वाचत नाही. रॉक एका बाजूला सुटा राहील अशीच रचना करा. आणि नवीन जागी त्याला फ्लो-लाइट पसंत पडला नाही तर तो रात्रीत उठून चालायला लागतो, म्हणून पहिले दोन आठवडे सगळ्या वेव्हमेकरना जाळी किंवा स्पंज लावा. पंख्यात गेलेला ॲनिमोन अख्ख्या टँकचं पाणी खराब करतो.

माशांना त्रास होतो का?

होतो, पण दोन-चार दिवसांत सावरतात. त्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि याचा फायदाही करून घेता येतो, नवीन टँग किंवा शांत मासा आणायचा असेल तर तो याच आठवड्यात आणला की जुन्या दादा मंडळींना स्वतःचीच जागा शोधायची असते. अर्थात अमोनिया शून्य असेल तरच. आणि एका माशाला पकडण्यासाठी म्हणून सगळे रॉक काढायला निघाला असाल तर आधी ॲक्रेलिकचा सापळा टँकमध्ये ठेवून त्यातच खायला घाला, चार-पाच दिवसांत तो स्वतः आत येतो.

सगळं झालं, पण पाणी गढूळ आहे, कोरल बंद आहेत, काय करू?

पहिला दिवस तर असंच दिसणार. फ्लॉस सहा-आठ तासांनी बदला, पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत स्वच्छ होतं. अमोनिया पहिले तीन दिवस रोज मोजा, दिसला तर तयार ठेवलेल्या पाण्याने वॉटर चेंज. एलपीएस दोन-तीन दिवस आत राहतात, झोआ कधी आठवडाभर, त्यात काळजीचं काही नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून मोजा, अल्कलिनिटी, म्हणजे कोरल सांगाडा बांधायला वापरतात तो पाण्यातला कार्बोनेटचा साठा, तो डीकेएचमध्ये मोजतात. दुखावलेले कोरल वाढ थांबवतात, मग रोजचा डोस खपत नाही आणि अल्कलिनिटी वर चढत जाते, आणि ॲक्रोपोराला रॉक हलवण्यापेक्षा हा चढउतार जास्त बाधतो. आधी ८ किंवा ९ डीकेएच जे होतं तिथेच ठेवा, डोस कमी करावा लागला तर करा. एसपीएसचं मांस बुडापासून सोलायला लागलं तर सोललेल्या भागाच्या वर, चांगल्या मांसातून कापून निरोगी तुकडे वेगळे लावा, वाट बघू नका. तपकिरी डायटम किंवा लालसर सायनो पसरला तर सायफन करा, औषधं ओतू नका. आणि काहीही झालं तरी पहिल्या महिन्यात परत रॉकला हात लावू नका, एखादा रॉक जरा वाकडा वाटतोय तर वाटू दे.

आपल्याकडे कुठल्या महिन्यात करावं?

पावसाळा संपल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मेमध्ये मुंबई-कोकणात खोलीचंच तापमान ३२-३३ असतं, चिलर टँकला आहे पण टबांना नाही, आणि टबातलं थोडं पाणी भराभर तापतं. करावंच लागलं तर एसीच्या खोलीत. उलट डिसेंबरात पुणे-नाशिकला टबातलं पाणी तासाभरात गार पडतं, म्हणून मघाशी हीटर सांगितला. लाइट जाण्याचा नेहमीचा वार असेल तर तो टाळा आणि बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा.

नवीन रचनेला मालवणच्या किंवा गोव्याच्या समुद्रातला दगड, मेलेलं कोरल आणलं तर?

नाही. सगळे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, काळे प्रवाळ हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. मेलेला तुकडासुद्धा त्यात येतो आणि शिक्षा किमान ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत कैद. कायदा बाजूला ठेवला तरी मालवणच्या प्रवाळांवर आधीच पर्यटकांचे पाय आणि नांगर पडतायत. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजी अलीचे छोटे छोटे प्रवाळ २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवले गेले, एवढं त्यांचं मोल आहे. टँकसाठी कृत्रिम सिरॅमिक किंवा सिमेंटचा रीफ रॉक मिळतो, आकारही हवे तसे मिळतात. फक्त असा नवा सुका रॉक एकदम खूप टाकू नका, डायनोफ्लॅजेलेट्सचा (चिकट तपकिरी सूक्ष्म जीवांचा) त्रास बऱ्याचदा त्यातूनच सुरू होतो, जुन्या रॉकच्या सोबतीने थोडा थोडा मिसळा. आणि कोरल विकत घेताना बिल आणि आयातीचे कागद मागून घ्या, विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथून उठा.

उरलेल्या रॉकचं आणि नको असलेल्या कोरलचं काय करायचं?

चांगला रॉक झाकणाच्या टबात मीठ-पाणी, छोटा पंप आणि हीटर लावून अंधारात ठेवा. काही महिन्यांत शेवाळ आणि एप्टेशिया (तणासारखे पसरणारे छोटे ॲनिमोन) बरेच कमी होतात, बॅक्टेरिया टिकवायचे तर अधूनमधून चिमूटभर माशांचं खाणं टाका. पुढे क्वारंटाइन टँक लावताना किंवा कुणाचा नवा टँक चालू करून देताना हाच रॉक कामाला येतो. कोरल दुसऱ्या कुणा हॉबीवाल्याला द्या.

समुद्रात, खाडीत, बंदरात काहीही सोडायचं नाही, रॉक नाही, शैवाल नाही, मासा नाही. भूमध्य समुद्रात १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या ॲक्वेरियममधल्या शैवालाचा एक छोटासा पट्टा दिसला होता आणि पुढे ते हजारो हेक्टरवर पसरलं. जुनं पाणीसुद्धा घरच्या ड्रेनमध्येच ओता. आणि फेकायच्या रॉकवर पॅली असतील तर आधी बादलीत ब्लीच घातलेल्या गार पाण्यात, उघड्या गॅलरीत, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असा रात्रभर बुडवून ठेवा, मग हातमोजे घालून पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका.